अहो, तुम्हाला विचारलंय का कुणी?

दीडशहाण्या माणसासाठी स्वीडिशमध्ये एक घरचा शब्द आहे. पण तो इतका लांबलचक, की तोंडातून बाहेर पडेपर्यंत समोरचा दीडशहाणा आणखी दोन गोष्टी शिकवून मोकळा होतो. म्हणून असेल किंवा आणखी कशामुळे, रोजच्या बोलण्यात सगळे म्हणतात 'बेसरविसर'. शब्द सरळसरळ जर्मन: तुमच्यापेक्षा जास्त जाणणारा. नॉर्वेजियनांनी त्याचं भाषांतर करून आपला शब्द केला. फिनिश लोकांनी शेपटीला एक 'ई' चिकटवून 'बेसरविसेरी' केलं. स्वीडिशांनी मात्र आहे तसा उचलला आणि जर्मन वासासकट ठेवला. मला आपली शंका आहे की यात थोडी चलाखी असावी. हा अवगुण आमचा नव्हे, पाहुणा आहे, असं सांगण्याची सोय त्यात आहे.

पाहुणे तसे जुनेच. मध्ययुगात ल्युबेककडचे व्यापारी आणि कारागीर स्टॉकहोमला येऊन बसले आणि आपली भाषा इथे पेरून गेले. खिडकी, चांभार, सुतार, नगराध्यक्ष, पैसे चुकते करणं, या सगळ्यांचे आजचे स्वीडिश शब्द तिकडचे. त्यांचं वजन एवढं होतं की १३५०च्या सुमाराच्या नगरकायद्यात नगरमंडळावर निम्म्याहून जास्त जर्मन नसावेत असं कलम घालावं लागलं, आणि १४७१ साली तीही सोय काढून टाकण्यात आली. पुढे १९४६पर्यंत इथल्या शाळांत पहिली परकी भाषा जर्मनच होती. साठी ओलांडलेले स्वीडिश आजही जर्मन शब्दयोगी अव्ययांची माळ पाढ्यासारखी म्हणून दाखवतात, 'आउस, आउसर, बाय, मिट'. मग जर्मनमध्ये एक अख्खं वाक्य बोला म्हटलं की कॉफी आणायला उठतात.

मी स्टॉकहोमच्या उत्तरेला शिस्तामध्ये नोकरी करते (लिहिताना 'किस्ता', म्हणताना 'शिस्ता', हेसुद्धा मला न विचारताच कुणीतरी सांगितलं होतं). काम सॉफ्टवेअर टेस्टिंगचं. म्हणजे दुसऱ्याने केलेल्या कामातल्या चुका काढायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. बेसरविसरपणाचा परवानाच म्हणा ना. त्यामुळे या शब्दाकडे माझं लक्ष जरा जास्तच जातं.

आमच्या टीममध्ये एक ज्येष्ठ गृहस्थ आहेत. 'आहेत' हे माझं मराठी. स्वीडिशमध्ये ते सगळ्यांसाठी 'तू'च. एकदा फिकाला, म्हणजे कॉफी आणि वेलचीच्या बनच्या सुट्टीत, पुण्याहून नवीन आलेल्या मुलाला कुणीतरी प्रेमाने 'लागोम' समजावत होतं. फार नाही, कमी नाही, बेताचं. इथे आलेल्या प्रत्येक माणसाला ही गोष्ट ऐकावीच लागते. व्हायकिंग लोक एका शिंगातून मद्य प्यायचे, ते शिंग सगळ्या टोळीभर फिरायचं, प्रत्येकाने शेवटच्या माणसाला उरेल एवढंच प्यायचं, म्हणून 'लागेत ओम', टोळीभोवती, आणि त्याचं 'लागोम'. मुलगा खूश. गोष्ट खरंच गोड आहे. तेवढ्यात हे गृहस्थ बशीतली साखर बोटाने टिपत म्हणाले, "ती दंतकथा आहे. 'लाग' म्हणजे कायदा, रीत. त्याचं जुनं चतुर्थीचं अनेकवचन म्हणजे लागोम. रीतीप्रमाणे, एवढाच अर्थ."

टेबलावर शांतता. "याहा," कुणीतरी म्हणालं. या 'याहा'त 'असं होय' असतं आणि 'पुरे आता' हेही असतं. गृहस्थ कप भरायला उठले तेव्हा गोष्ट सांगणारी बाई हसून हळूच म्हणाली, "बेसरविसर."

त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं, आणि ते त्या बाईलाही ठाऊक असावं. चुकीची माहिती देणाऱ्याला इथे कुणी बेसरविसर म्हणत नाही, त्याच्याकडे काणाडोळा करतात. शिक्का बसतो तो बरोबर असलेल्यावर. आपल्याकडेही दीडशहाण्याला आपण मूर्ख थोडंच म्हणतो? शहाणपण पुरेपूर मान्य करून वरच्या अर्ध्याचा राग करतो. नाकाने कांदे सोलतो म्हणतो, म्हणजे कांदे सोलले जातात हे कबूलच.

पण पुण्यातल्या ऑफिसात हाच प्रसंग वेगळा घडला असता. तिथे ते 'सर' असते. सरांनी चूक दाखवली तर "हो का सर, माहीत नव्हतं" म्हणून विषय संपतो, वर कुणीतरी डायरीत टिपूनही घेतं. वयाचा, पदाचा, 'अहो'चा एक आधार असतो आणि त्या आधाराने ज्ञान खाली उतरतं. स्वीडनमध्येही पूर्वी असंच होतं. समोरच्याला तू किंवा तुम्ही म्हणण्याऐवजी त्याच्या हुद्द्याने बोलावत, 'डॉक्टरसाहेब कॉफी घेणार का' अशा तृतीयपुरुषी थाटात. मग १९६७ साली ब्रूर रेक्सेद नावाच्या गृहस्थांनी सरकारी वैद्यकीय खात्याची सूत्रं हाती घेताना जाहीर केलं की मी इथे सगळ्यांना 'दू' म्हणणार. 'दू' म्हणजे तू. हवा आधीपासून त्याच दिशेने वाहत होती, पण त्यानंतर पाहता पाहता अख्खा देश एकमेकांना तू म्हणू लागला. शिपाई डायरेक्टरला, विद्यार्थी प्राध्यापकाला.

मला ही पद्धत मनापासून आवडते. सासऱ्यांच्या वयाचा माणूस 'तू' म्हणून दार उघडून देतो तेव्हा अजूनही गंमत वाटते. पण तिची एक किंमत आहे आणि ती फिकाच्या टेबलावर दिसते. सगळे एका पातळीवर बसले की वरून खाली काही सांगायची सोयच उरत नाही. सांगणारा आधी मनाने वर चढला असला पाहिजे, असा संशय येतो. आक्सेल सांदेमूसेने १९३३च्या कादंबरीत यान्ते नावाच्या गावाचे दहा नियम लिहिले, त्यातला पाचवा असा: आमच्यापेक्षा तुला जास्त कळतं असं समजू नकोस. आणि दहावा: आम्हाला काही शिकवू शकशील असं समजू नकोस. माणूस मूळचा डॅनिश, पुस्तक नॉर्वेजियन, लिहिलं होतं गावच्या कोत्या मनावर संतापून. आता सगळ्या स्कँडिनेव्हियात ते घरचे कुळाचार असल्यासारखे सांगितले जातात.

तरीही देश चालतो, विमानं उडतात, आमचं सॉफ्टवेअरही बऱ्यापैकी चालतं. म्हणजे चुका कुणीतरी दाखवतच असणार. त्याची इथली रीत शिकायला मला वेळ लागला, पण शिकल्यावर मी तिची चाहती झाले. "हे चूक आहे" असं वाक्य नाही. "माझ्या नजरेतून काही सुटलं असेल, पण..." अशी सुरुवात. या 'पण'नंतर जे येतं ते रक्त काढणारं असतं. "जरा विचार करत होते..." म्हणजे मी तीन दिवस तपासलंय आणि तुझा हिशेब साफ गडगडलाय. आपल्या मुलांना शाळेपासून सवय असते ती 'मी सांगतो बाई, मी, मी' म्हणून अर्धवट उठून बोट नाचवायची. इथल्या बैठकीत पहिलं बोट ज्याचं वर जातं त्याच्याकडे सगळे हसून पाहतात, आणि त्या हसण्यात फारशी माया नसते.

दुसरी रीत तळघरात सापडते. इथल्या इमारतींत धुण्याची सामाईक खोली असते. भिंतीवरच्या तक्त्यावर आपल्या नंबरचं छोटं कुलूप अडकवून वेळ राखून ठेवायची, दोन-चार तासांत धुवायचं, वाळवायचं, ड्रायरच्या जाळीतली कापसाची लव काढायची, फरशी पुसायची आणि निघायचं. माणसं समोरासमोर येतच नाहीत. आणि तिथेच देशातले सगळे बेसरविसर मोकळे सुटतात, चिठ्ठ्यांवर. त्यांना 'रागीट चिठ्ठ्या' असं रीतसर नावही आहे. आमच्याकडे एक बरेच दिवस होती: "ड्रायरची जाळी साफ करण्यास या इमारतीत बंदी नाही. सर्वांची धुण्याची वेळ सारखीच मोलाची आहे. आपलाच, शेजारी." कुठला शेजारी, ते नाही.

दोन दिवसांनी तिच्यावर लाल पेनाने एक छोटी कमान उमटली. स्वीडिशमध्ये जोडशब्द जोडूनच लिहायचे असतात. 'धुण्याची वेळ' हा तिथे एक शब्द आहे आणि चिठ्ठीवाल्याने तो तोडून लिहिला होता. कुणीतरी दोन तुकड्यांना कमानीने जोडून समासात उद्गारचिन्ह ठोकलं होतं. ही इथली ऱ्हस्वदीर्घाची लढाई. तोडून लिहिल्याने अर्थाचा अनर्थ होतो हे सांगायला ठरलेली उदाहरणंही आहेत: 'र्योकफ्रीत' म्हणजे धूम्रपानमुक्त, तेच तोडून 'र्योक फ्रीत' लिहिलं की झालं 'खुशाल ओढा'. कोंबडीची कलेजी तोडून लिहिली तर 'कोंबडी जिवंत आहे' असं वाचलं जातं. त्या लाल कमानीखाली मग तिसऱ्या अक्षरात कुणीतरी लिहिलं, "आणि लव?" जाळी तशीच भरलेली होती.

आमच्या पुणेरी पाट्यांची आठवण येणं ओघाने आलंच. पण पुणेरी पाटी आपल्या दारावर, आपल्या नावाच्या पाटीशेजारी असते. लिहिणारा आत आरामखुर्चीत बसलेला असतो आणि बेल वाजवलीत तर तोंडीही ऐकवील. इथली चिठ्ठी अनाथ असते. जास्त जाणायला हरकत नाही, फक्त जाणणाऱ्याला चेहरा नको.

ज्या देशातून शब्द आला तिथे मात्र याच शब्दाला एकदा चांगलाच चेहरा मिळाला होता. ३ ऑक्टोबर १९९० रोजी दोन जर्मनी एक झाल्या आणि पश्चिमेकडचे अधिकारी, वकील, व्यवस्थापक पूर्वेकडे निघाले. कारखाना कसा चालवायचा, नगरपालिका कशी चालवायची, हे चाळीस वर्षं ते चालवत आलेल्यांना शिकवायला. त्यासाठी वेगळा भत्ता मिळे, त्याला लोक 'जंगलभत्ता' म्हणत. 'बेसरविसर' आणि 'वेसी', म्हणजे पश्चिमवाला, यांचा संकर करून पूर्वेने 'बेसरवेसी' हा शब्द काढला आणि १९९१चा वर्षाचा शब्द म्हणून तोच निवडला गेला. पूर्वेकडूनही शिकण्यासारखं काही होतं. लाल दिव्यालाही थांबून, पाहून उजवीकडे वळू देणारी हिरव्या बाणाची पाटी पूर्वेची. ती देशभर लागू व्हायला १९९४ उजाडलं. बेसरवेसीकडे माहिती नव्हती असं नाही. त्याच्या हातात ऑर्डर होती, आणि ऑर्डर हातात असली की ऐकायची गरज पडत नाही.

हे सगळं डोक्यात होतं म्हणून की काय, गेल्या उन्हाळ्यात आईबाबा आले तेव्हा वासा म्युझियममध्ये मला भलतंच काही दिसत राहिलं. लोक तिथे कोरीवकाम पाहतात. मी त्या जहाजाकडे 'न बोललेल्या गोष्टींची जागा' म्हणून पाहत होते.

वासा ही राजा दुसरा गुस्ताव आडोल्फ याची युद्धनौका. ६४ तोफा, दोन मजल्यांवर. १० ऑगस्ट १६२८ला स्टॉकहोमच्या धक्क्यावरून निघाली, जेमतेम तेराशे मीटर गेली, वाऱ्याच्या एका झोताने कलली, खालच्या उघड्या तोफखिडक्यांतून पाणी शिरलं आणि किनाऱ्यावर जमलेल्या गर्दीसमोर ३२ मीटर खोल बुडाली. तीसएक माणसं गेली. (आईचा शेरा तिथल्या तिथे: "घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात, इथे तर पहिल्याच दिवशी वासाच फिरला.")

खरी गोष्ट त्याच्या महिनाभर आधीची. जहाज धक्क्याला बांधलेलं असताना त्याच्या स्थिरतेची चाचणी झाली. ३० माणसांनी डेकवर या काठापासून त्या काठापर्यंत पळायचं. पहिल्या धावेला जहाज डोललं, दुसऱ्या धावेला जास्त, तिसरीनंतर ॲडमिरल फ्लेमिंगने चाचणी थांबवली, कारण आणखी पळाले असते तर ते धक्क्यालाच उलटलं असतं. शेजारी योरान मात्सॉन उभा होता. आपण तांडेल म्हणू तसा माणूस, जहाजाचा तोल आणि तळातलं दगडांचं भरताड त्याच्या ताब्यात. त्याने म्हणून पाहिलं की जहाज तळाला अरुंद आहे, पोट पुरेसं नाही. ॲडमिरलचं उत्तर असं की बांधणाऱ्याने आधी जहाजं बांधली आहेत, तू काळजी करू नकोस. म्हणजे तुला विचारलंय कुणी. आणि ॲडमिरल तरी पुढे कुणाला सांगणार? राजा प्रशियात लढाईवर होता आणि तिथून घाई करणारी पत्रं पाठवत होता.

बुडाल्यावर चौकशी बसली. खलाशी प्यायले होते का, तोफा नीट बांधल्या होत्या का, सगळं विचारून झालं. बांधणाऱ्यांनी सांगितलं, मापं राजाने मंजूर केली होती तीच आहेत. मूळचा मिस्त्री, डच हेन्रिक हिबर्टसन, वर्षभर आधीच वारला होता. मग दोष कुणाचा, या प्रश्नाला ठेकेदाराने दिलेलं उत्तर प्रसिद्ध आहे: देवच जाणे. धक्क्यावर उभ्या असलेल्या सगळ्यांना जे दिसलं होतं, ते जाणण्यासाठी शेवटी देवाला साक्षीला बोलवावं लागलं. शिक्षा कुणालाच झाली नाही.

सतराव्या शतकात हुद्द्यांमुळे तोंडं बंद होती. आज हुद्देच नाहीत म्हणून बंद असतात. मला यातली आजची पद्धत शंभरदा पसंत आहे, पण मात्सॉनची पंचाईत दोन्हीकडे तीच.

त्या जहाजाला वर काढणारा माणूस मात्र अस्सल बेसरविसर. आंदेर्श फ्रान्सेन हा नौदलाच्या खात्यात इंधनाचं काम पाहणारा इंजिनियर, इतिहासकार नव्हे की पाणबुड्या नव्हे. त्याचं म्हणणं असं, की लाकूड पोखरणारा समुद्री किडा खाऱ्या पाण्यातच जगतो, बाल्टिकचं पाणी त्याला पुरेसं खारं नाही, तेव्हा इथली बुडालेली लाकडी जहाजं शाबूत असलीच पाहिजेत. कुणी विचारलेलं नसताना तो वर्षानुवर्षं सुट्टीत बोट घेऊन स्टॉकहोमच्या बंदरात फिरला, जुनी कागदपत्रं धुंडाळत आणि स्वतःच बनवलेलं एक जड नळीसारखं अवजार दोरीने तळाला सोडत. ऑगस्ट १९५६मध्ये त्या नळीत काळ्या पडलेल्या ओकच्या लाकडाचा तुकडा आला. २४ एप्रिल १९६१ रोजी वासा पाण्यावर आली, ३३३ वर्षांनी.

बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. आयुष्यभर कालव्यांची मापं घेतली. म्युझियममधलं माझं भाषांतर त्यांना पुरेना. गाईडला त्यांनी विचारलं, तळात आणखी दगड का नाही भरले? ती बिचारी उत्तर देणार तोच आमच्या घोळक्यातला एक पांढऱ्या दाढीचा स्वीडिश माणूस इंग्रजीत म्हणाला, "मग जहाज आणखी खाली बसलं असतं आणि खालच्या खिडक्या पाण्याला टेकल्या असत्या." बाबांचे डोळे चमकले. गाईडने "अगदी बरोबर" म्हटलं आणि घोळका घेऊन ती पुढे गेली. हे दोघे जागचे हलेनात. आई म्हणाली, "अहो, तुम्हाला विचारलंय का कुणी? चला." त्या माणसाची बायको जवळच्या बाकावर बसून पुस्तिका वाचायला लागली, त्यावरून तिची सवय कळली.

मी दुभाषी म्हणून मध्ये उभी. जहाजावर सुतारांच्या चार मोजपट्ट्या सापडल्या आहेत, दाढीवाल्याने माहिती दिली. दोन स्वीडिश फुटाच्या, बारा इंची. दोन ॲमस्टरडॅम फुटाच्या, त्यात फक्त अकरा इंच. त्यात जहाजाची एक बाजू दुसरीपेक्षा जड.

"एका साइटवर दोन टेप?" बाबा मराठीतच ओरडले. मग मला म्हणाले, "त्यांना विचार, एमबी कुणाकडे होती?" एमबी म्हणजे मेजरमेंट बुक, कामाची मापं लिहायची वही. बाबांच्या खात्यात तिच्यावर सही झाल्याशिवाय एक रुपयाचं बिल निघत नसे, आणि चुकीच्या मापावर सही करायला नकार दिला म्हणून त्यांची एक बदलीही झाली होती. मी जमेल तसं समजावलं: अशी वही, त्यात मापं, ती तपासून खाली जबाबदार माणसाची सही. जहाजाच्या मापांवर अशी सही कुणाची होती?

दाढीवाल्याला प्रश्न फार आवडला. "राजाची," तो म्हणाला.

"मग झालंच," बाबा म्हणाले, आणि त्याला कालव्याची गोष्ट सांगायला सुरुवात केली.